आधी क्रियापद द्या

थांबणे

आमच्याकडे हात वर झाला म्हणजे सुई मोडली. त्याचा दुसरा काही अर्थ नसतो. पाणी हवं, दोरा संपला, पोटात दुखतंय, या सगळ्यासाठी तोंड आहे. हात फक्त सुईसाठी.

आम्ही तान्ह्या मुलांचे कपडे शिवतो. सुईचं टोक मोडून कापडात अडकलं आणि तसंच पुढे गेलं, तर ते कुणाच्या तरी लेकराच्या मानेला लागणार. म्हणून नियम असा : जिची सुई मोडली तिने पायडल सोडायचं आणि हात वर करायचा. तिच्या डावी-उजवीकडच्या दोघींनीही थांबायचं, कारण टोक उडून कुठेही जातं. मग सुपरवायझरबाई लोहचुंबक घेऊन येतात. तुकडे सापडतात, टेबलावर जुळवले जातात, अख्खी सुई दिसली की बाई म्हणतात, "चला." अख्खी सुई दिसल्याशिवाय कुणी 'चला' म्हणत नाही. मालकसुद्धा नाही.

त्या दुपारी हात वर केला तो माझ्या नणंदेने. तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही. मशीनवर बसते तेवढीच. ती बाह्या जोडते. तिच्या उजवीकडे मी, कॉलर बसवते. डावीकडे मावशी, काजं करते. मावशी कुणाचीच मावशी नाही, पण तिला दुसरं काही म्हणायची कुणाची हिंमत नाही.

मी थांबले. मावशी थांबली.

मग माझ्यामागची थांबली. तिने थांबायचं काही कारण नव्हतं.

मग तिच्यामागची. मग पलीकडची रांग, मग खिडकीकडची. इतकी वर्षं मशीनचा आवाज आमच्या कानांना लागतच नव्हता. तो गेला तेव्हा कळलं की तो होता. पंख्यांची कुरकुर ऐकू आली. बाईंच्या कमरेला किल्ली वाजली, तीही ऐकू आली.

सगळ्याजणी त्या किल्लीकडे बघत होत्या.


सुरू करणे

संडासाची किल्ली. आधी दार उघडंच असायचं. मग कुणीतरी वर सांगितलं की बायका आत जाऊन बसतात, आणि किल्ली बाईंच्या कमरेला आली. जायचं असेल तर उठायचं, सगळ्यांदेखत बाईंपर्यंत जायचं, मागायची. बाई विचारायच्या, "आत्ताच तर गेली होतीस ना?" मोठ्याने. बाई वाईट नाहीत. त्यांचा आवाजच तसा आहे.

जिन्यात बोलणं व्हायचं.

"एक दिवस बंदच पाडू काम."

"पाडू की."

"मग कधी?"

"तू सुरू कर, मी आहेच मागे."

"मीच का? तुझं तोंड काय कुणी शिवलंय?"

आणि मग सगळ्यांना एकदम आपापल्या चपला दिसायला लागायच्या.

त्या दुपारी सुईचे तुकडे लगेच सापडले. जुळले. बाई म्हणाल्या, "चला." एकही मशीन सुरू झालं नाही. बाई पुन्हा म्हणाल्या, या वेळी जरा हळू. वरच्या काचेच्या खोलीतून मालक खाली आले. "काय झालं?" मागून कुठूनतरी एक शब्द आला : "किल्ली." मग तो दुसरीकडून आला. मग सगळीकडून.

संध्याकाळ व्हायच्या आत दाराशेजारी खिळा ठोकला गेला आणि किल्ली त्याच्यावर लटकली. अजून लटकतेय.

म्हणजे बदल झाला. मालकांनी तो मान्यही केला. फक्त त्यांना एक गोष्ट हवी होती, आणि त्यासाठी त्यांनी बाहेरून एक माणूस आणला. आम्ही त्याला चौकशीसाहेब म्हणू लागलो. त्याने पहिल्याच दिवशी उभं राहून सांगितलं, "किल्ली राहील. पण हे कुणी केलं ते कळलं पाहिजे. कळलं तर ती एक जाईल. नाही कळलं तर ही अख्खी रांग बंद होईल."

तो 'ही' म्हणाला आणि त्याने आमच्या रांगेकडे बोट केलं.


भडकवणे, चेतवणे, पेटवणे, उचकवणे, फूस लावणे, भरीस घालणे, पिन मारणे

बाई : "भडकवलंय कुणीतरी. माझ्या पोरी अशा नाहीत."

खिडकीकडची एक, जी त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने 'किल्ली' म्हणाली होती : "आम्ही आपलं बघून थांबलो. पेटवलं कुणी ते आम्हाला काय माहीत?"

माझ्यामागची : "फूस कुणाची होती ते समोर बसणाऱ्यांना विचारा."

समोर मी बसते.

मावशी : "मी कशाला कुणाचं नाव घेऊ? पण काल-परवापर्यंत जी जिन्यात कानाला लागत होती, तिला विचारा म्हणावं."

जिन्यात कानाला लागत होती ती भिंगरी.

आणि माझा नवरा, घरी, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून. तो टेम्पो चालवतो. सध्या टेम्पो उभा आहे आणि तो आडवा. "तूच पिन मारली असशील तिला. ती साधी आहे. तू गप्प राहून करतेस सगळं."

"मी काय केलं?"

"तेच तर. तू कधीच काही करत नाहीस. तुझ्या आसपासचे करतात."

भिंगरी आत भांडी घासत होती. नळ बंद झाला. म्हणजे ती ऐकत होती. मग नळ पुन्हा सुरू झाला, पण भांड्यांचा आवाज आला नाही.


शंका येणे

मला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टी, ज्या मी कुणालाही सांगितल्या नव्हत्या :

त्या सकाळी भिंगरीने सुई बदलली होती. मी पाहिलं. कोरी सुई, मऊ कापड. जुनी सुई मोडते, जाड शिवणीवर मोडते. कोरी सुई मऊ कापडात मोडत नाही असं नाही. पण का मोडावी?

आदल्या दिवशी जेवताना तिने मला विचारलं होतं, "वहिनी, सुई मोडली की दोघीच थांबतात ना? तिसरी थांबली तर तिला काही बोलतात का गं?"

"का?"

"उगाच."

भिंगरी उगाच काही विचारत नाही. उगाच हिंडते, उगाच हसते, उगाच दुसऱ्याच्या डब्यात हात घालते. विचारत मात्र नाही.

आणि तिसरी गोष्ट. हात वर करताना तिने आधी मशीनकडे पाहिलं नाही. सुई मोडली की माणूस आधी सुईकडे बघतो, मग बोटाकडे, मग हात वर करतो. तिने आधी माझ्याकडे पाहिलं.

किंवा तसं मला वाटलं. चार दिवसांनी आठवलेलं खरं किती?


पुन्हा पाहणे

एक. सुई मोडते. भिंगरी दचकते, माझ्याकडे बघते, कारण मी तिची वहिनी आहे आणि दचकलं की माणूस घरच्याकडे बघतो. हात वर.

दोन. भिंगरी माझ्याकडे बघते. मी मान हलवत नाही, पण 'नको' असंही खुणावत नाही. ती गुडघ्याने काहीतरी करते. सुई मोडते. हात वर.

तीन. मावशी खोकते. मावशी कधी खोकत नाही. सुई मोडते.

चार. सुई मोडते आणि भिंगरीला ती मोडल्यावर सुचतं. आधी काहीच ठरलेलं नसतं. हात वर करताना मात्र तो जरा जास्त वर करते, जरा जास्त वेळ धरते.

मला चौथं आवडतं. आवडतं म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.


निमित्त होणे

चौकशीसाहेबांची खोली म्हणजे वरची कापडाच्या गठ्ठ्यांची खोली, त्यातून अर्धे गठ्ठे हलवलेले. एक टेबल, दोन खुर्च्या, भरलेला पाण्याचा ग्लास. साहेब दोन बोटांनी टाइप करायचे. मऊ बोलायचे. मला म्हणाले, "बसा ताई. घाबरू नका. नाव मी मागणार नाही."

"मग?"

"आधी क्रियापद द्या."

मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, अगदी शाळेत सांगावं तसं. नाव सगळेच देतात, ते म्हणाले, नावं माझ्याकडे ढीगभर आहेत. पण त्या बाईने नेमकं काय केलं, ते महत्त्वाचं. "समजा, 'चिथावलं' असं तुम्ही म्हणालात. तर ती बाई त्याच दिवशी बाहेर, आणि या धंद्यात तिला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. 'प्रवृत्त केलं' म्हणालात, तर बाहेरच, पण शिक्का नाही. 'कारणीभूत ठरली', तर तिला पॅकिंगला पाठवू. आणि 'निमित्त झाली' असं असेल," ते हसले, "तर काहीच नाही. एक समज देऊन सोडून देऊ."

"मग लिहा ना निमित्त झाली म्हणून."

"कोण?"

मी हलवलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं.

"भिंगरी निमित्त झाली, असं लिहू? आनंदाने लिहितो. पण ताई, निमित्त झाली म्हणजे करणारं दुसरं कुणीतरी आहे. एकीला हलकं क्रियापद दिलं की जड दुसरीला द्यावं लागतं. मालकांना रिकामी जागा चालत नाही."

मी ग्लासाकडे बघत राहिले. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला नाही.

"विचार करा," ते म्हणाले. "घरचं माणूस आहे."

यातलं कुठलं घरचं माणूस, तिचं मी की माझं ती, ते त्यांनी सांगितलं नाही.


कान भरणे

रांगेत कुणी माझ्याशी बोलेना. डबे उघडायच्या वेळी मावशीने पाठ फिरवली. मग स्वतःच वळून म्हणाली, "हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगते. तुझी नणंद एकटी आहे, तरुण आहे, कुठेही पोट भरेल. आमचं वय झालंय. रांग बंद झाली तर मला कोण घेणार? तू नाव दे तिचं आणि मोकळी हो. आम्ही काही तुला नावं ठेवणार नाही."

"तुम्ही द्या की मावशी."

"मी दिलं असतं. पण माझ्या तोंडून ते भांडण वाटेल. तुझ्या तोंडून खरं वाटतं."

मी पोळी तशीच गुंडाळली.

घरी जाताना भिंगरी माझ्या पुढे चालत होती. एरवी ती मागे-पुढे, डावी-उजवीकडे, सगळीकडे असते. आज सरळ.

"भिंगरे."

"काय?"

"सुई..."

ती थांबली. वळली नाही. "विचार ना. सगळ्यांनी विचारलं. तूच राहिली होतीस."

मला विचारता आलं नाही. विचारलं असतं आणि ती 'नाही' म्हणाली असती, तर माझा विश्वास बसला नसता. 'हो' म्हणाली असती, तर ते मला त्या खोलीत जाऊन गिळून बसावं लागलं असतं.

"भाजी काय घ्यायची विचारत होते," मी म्हणाले.

"भाजी," ती म्हणाली, आणि चालायला लागली.


भाग पाडणे

दुसऱ्या वेळी साहेब तेवढे मऊ नव्हते.

"तुमची नणंद येऊन गेली."

"बरं."

"तिने स्वतःसाठी 'निमित्त झाले' घेतलं."

पंख्याचा वारा टेबलावरून गेला. मी मनातल्या मनात त्यांचा हिशेब पुरा केला. हलकं तिने घेतलं. म्हणजे जड...

"कुणाला?" मी विचारलं.

"ते तुम्हाला माहीत आहे."

खोटं असेल. असं बोलून माणसं बोलती करतात, हे मलाही कळतं. पण खरं असेल तर? नळ बंद झाला होता, भांड्यांचा आवाज आला नव्हता. तिच्या दादाने ती ऐकत असताना माझ्यावर बोट ठेवलं होतं. मग तिने ते उचललं असेल तर तिचं काय चुकलं? माझ्या तोंडात तिचं नाव आलं. खरंच आलं, जिभेच्या टोकापर्यंत, शेजारी 'चिथावलं' घेऊन. मी तोंड मिटलं.

साहेबांना ते दिसलं असावं. ते पुढे वाकले. "सोपं करू. नियमाप्रमाणे हात वर झाला की किती जणी थांबतात?"

"दोघी."

"त्या दिवशी किती थांबल्या?"

"सगळ्या."

"म्हणजे दोघींपासून सगळ्यांपर्यंत कुणीतरी ते नेलं. खूण केली, डोळा मारला, काहीतरी केलं. आपोआप असं होत नाही."

"होतं."

"आपोआप?"

"हो."

"दाखवा."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"चला खाली," ते उठले. "तुम्ही तुमच्या जागेवर बसा. काम करा. मनाला येईल तेव्हा हात वर करा. मी मागे उभा राहतो. दोघी थांबतील, बाकीच्या शिवत राहतील. मग आपण वर येऊ आणि तुम्ही मला क्रियापद द्याल. कबूल?"

"बाईंना सांगू का?"

"मुळीच नाही. माझा त्यांच्यावरही पूर्ण भरवसा नाही."


हात वर करणे

मी जागेवर बसले. साहेब माझ्यामागे, खांबाला टेकून. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं नाही. मावशीने पाहिलं. माझ्यामागचीने पाहिलं असणार. तिचं मशीन एकदा अडखळलं.

एक कॉलर बसवली. दुसरी. साहेबांनी घसा साफ केला.

तिसरी कॉलर अर्धी झाली होती. सगळ्यांना वाटत होतं की आज मला काढणार. मला वरून खाली आणलंय ते सामान उचलायला. ते मला त्यांच्या पाठींवरून कळत होतं. शिवणाऱ्या बाईची पाठ गोल असते. या ताठ होत्या.

मी पायडल सोडलं. हात वर केला.

भिंगरी थांबली. माझ्या उजवीकडची थांबली.

मावशी थांबली.

माझ्यामागची थांबली. मग सगळं त्या दिवसापेक्षाही भरभर गेलं, जसं दुसऱ्यांदा चालताना रस्ता लहान वाटतो. खिडकीकडच्या रांगेतलं शेवटचं मशीन एकटंच थोडं पुढे गेलं, त्याला लाज वाटली, तेही थांबलं.

मला कुणी विचारलं तर शपथेवर सांगेन, मी डोळा मारला नाही.

बाई लोहचुंबक घेऊन धावत आल्या. खाली वाकल्या, कापड चाचपलं, मग वर पाहिलं. "अगं, तुझी सुई तर शाबूत आहे."

हात वरच होता.

"मग कुणाची मोडली?" त्या भिंगरीकडे वळल्या. तिची बघितली. उजवीकडचीची बघितली. हात वर झालाय म्हणजे सुई मोडलीय. याच्या पलीकडे बाईंना कधी कुणी काही शिकवलंच नव्हतं. त्यांनी मावशीचं मशीन तपासलं. मग मागची रांग. लहान लेकराच्या मानेचा प्रश्न होता. त्या एकेक सुई बोटाने हलवून बघत चालल्या आणि जिथे जातील तिथली बाई हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बसली.

"बाई, पुरे," साहेब म्हणाले. "सुरू करायला सांगा."

"कसं सांगू? तुकडे कुठे आहेत?"

"मोडलेलीच नाही सुई!"

"मग हात वर कसा झाला?"

"सुरू करा!" साहेब आता आमच्याकडे बघून म्हणाले. मोठ्याने. "काम सुरू करा!"

कुणी केलं नाही. अख्खी सुई दिसली नव्हती.

वर काचेचं दार उघडलं. मालक जिन्यावर आले, अर्ध्यातच थांबले. खाली सगळं शांत, फक्त बाई वाकून वाकून सुया मोजल्यासारख्या हिंडतायत.

"आता काय?" मालक म्हणाले. "आता कुणी केलं?"

माझा हात दुखायला लागला होता. मी तो खाली घेतला नाही. फक्त मान वळवून खांबाकडे पाहिलं. भिंगरीनेही पाहिलं. मावशीने पाहिलं. मग सगळ्यांनी.

"मी..." साहेबांनी घसा साफ केला. "मीच त्यांना हात वर करायला सांगितलं होतं. चौकशीचा भाग म्हणून."

"तुम्ही?" मालक म्हणाले.

"म्हणजे, फक्त बघण्यासाठी..."

"तुम्ही काम बंद पाडलंत?"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकल्यात घातलं.


घडणे

संध्याकाळपर्यंत गठ्ठे परत त्या खोलीत गेले. साहेब कधी गेले ते कळलं नाही. बाईंनी घरी सोडताना सांगितलं की रांग राहणार, सगळ्या राहणार, वरून निरोप आलाय, आणि इथून पुढे हात वर करायचा तर सुई मोडल्यावरच. "आणि हे मी का सांगतेय?" त्या स्वतःलाच म्हणाल्या. "पहिल्यापासून तसंच आहे."

मावशीने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो राहू दिला. थोडाच वेळ.

रस्त्यावर भिंगरी माझ्या बाजूने चालत होती. वळणापाशी तिची चाल मंदावली. मग,

"वहिनी, तू ठरवून गेली होतीस ना?"

"काय?"

"सगळ्या थांबणार हे तुला माहीत होतं."

"साहेबांनी सांगितलं, म्हणून केला हात वर."

"ते ऐकलं मी. पण तू तिसऱ्या कॉलरपर्यंत थांबलीस. सगळ्या बघायला लागल्यावर केलास."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा अगदी तसाच होता जसा गेला आठवडाभर माझा असणार.

"तू त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मी? मी तर काहीच नाही. तेच मला म्हणाले, तुमची वहिनी येऊन गेली, तिने स्वतःसाठी हलकं क्रियापद घेतलं."

"आणि तुला पटलं?"

तिने वाटेतला खडा पायाने उडवला. "थोडं," ती म्हणाली.

"मलाही. थोडं."

तिने माझ्या हातातली डब्यांची पिशवी घेतली. एरवी ती मागून, ओढून घेते. आज पुढे येऊन, विचारून घेतली. घराच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा खिडकीत नवरा दिसला, स्टुलावर पाय, मान बाहेर.

"मग?" तो तिथूनच ओरडला. "सापडलं का कोण ते?"

"हो," भिंगरी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. जिना चढताना ती माझ्या एक पायरी मागे राहिली, आणि मी वर पोचेपर्यंत दोनदा वळून तिच्याकडे पाहिलं.